'ठोके – ५२' या नोंदीत दुरुस्ती करणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
कामगार आरोग्य व सुरक्षा कार्यालय.

अर्जदार : स्टोअरकीपर, प्रेस विभाग, हजेरी क्र. ११७.

विषय : चौकशी अहवालातील 'ठोके – ५२' ही नोंद चुकीच्या माणसाच्या नावे व चुकीच्या अर्थाने पडली असल्याने ती दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : आपला चौकशी अहवाल, मुद्दा क्र. ७, ९ व ११.

महोदय,

१. अर्जाची सुरुवात वास्तविक विनंतीने व्हावयास हवी. परंतु ३० एप्रिल रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या फोरमनला काय काय मिळावयाचे होते, हे आधी सांगितल्याशिवाय माझी विनंती आपणांस वेड्याची वाटेल. त्यास तीन गोष्टी मिळावयाच्या होत्या. दार लागणारी काचेची केबिन. दोन्ही हात टेकवता येतील अशी खुर्ची. आणि मनगटावरच्या पट्ट्यातून कायमची सुटका, कारण केबिनवाल्यांच्या प्रकृतीवर संगणकाने लक्ष ठेवावे असे अद्याप कोणास वाटलेले नाही. अट एकच होती : विभागातले 'आरोग्य-थांबे' सलग तीन महिने पाचाच्या आत हवेत. फेब्रुवारीत तीन झाले, मार्चमध्ये चार. एप्रिलमध्येही चार झाले होते आणि संगणक महिन्याची नोंद चार वाजता बंद करतो. म्हणजे केबिन आणि फोरमन यांच्यात फक्त वीस मिनिटे उरली होती.

२. आरोग्य-थांबा म्हणजे काय, हे आपल्या अहवालात कोठेही लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. जानेवारीपासून विभागातल्या चौतीस माणसांना मनगटी पट्टे दिले गेले. पट्टा छातीचे ठोके मोजतो आणि स्टोअरच्या बाजूच्या भिंतीवरल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवतो. ठोके मिनिटाला एकशेदहाच्या वर गेले आणि मिनिटभर तिथेच राहिले, की त्या माणसाची प्रेस आपोआप थांबते, स्क्रीनवर त्याची ओळ लाल होते आणि त्यास वीस मिनिटे विश्रांतीच्या खोलीत बसवतात. पट्टा काढला तर अर्ध्या मिनिटात तसेच. ही झाली सोय. एका माणसाचे तीन थांबे झाले की त्यास प्रेसवरून काढून पॅकिंगला पाठवतात. हा झाला सोयीचा खर्च. संगणक बसवायला आलेला तरुण म्हणाला होता, "आता तुमची काळजी मशीन घेईल." त्यात खोटे काही नव्हते. त्या दिवसापासून माणसांनी एकमेकांची काळजी घेणे बंद केले.

३. आता शब्दाविषयी. 'ठोका' हा शब्द आमच्या विभागात आधीपासूनच नोकरीला होता. प्रेस एकदा खाली येऊन वर गेली की एक ठोका. दिवसाला किती ठोके झाले ते फळ्यावर खडूने लिहितात. संगणकाच्या स्क्रीनवर जेव्हा नावांपुढे 'ठोके' असा रकाना उघडला, तेव्हा सर्वांनी तो फळ्याचाच भाऊ समजला. प्रेस अजून संगणकाला जोडलेल्या नव्हत्या, तेव्हा पहिल्या दिवशी फोरमनने एक नंबर प्रेसवरच्या, 'रंगारी' म्हणतात त्या माणसाची पाठ थोपटली, कारण त्याच्यापुढे १२१ होते, आणि मला स्टोअरच्या खिडकीत येऊन विचारले, "बावन्न? अख्ख्या सकाळी बावन्न? झोपला होतास का?" मी म्हटले, "साहेब, मी स्टोअरला आहे, मी कसले ठोके मारणार." त्यावर तो म्हणाला, "मग हे बावन्न तरी कुठून आले?" या प्रश्नाचे उत्तर वरिष्ठ कार्यालयाकडून यायला नऊ दिवस लागले. रंगाऱ्यास त्या नऊ दिवसांत दोन वेळा शाबासकी मिळाली. उत्तर आल्यावर ती परत घेण्यात आली आणि त्याचे दोन थांबे मांडण्यात आले. सदर गैरसमज पुढे तुमच्या कार्यालयातही झाला आहे, त्यामुळे फोरमनला हसण्याचे कारण मला उरलेले नाही.

४. माझे ठोके बावन्न असतात. बसलो तरी बावन्न, जिना चढलो तर साठ, पुन्हा बसलो की बावन्न. डॉक्टरने दोनदा तपासले, दोष नाही म्हणाला, जन्मजात आहे म्हणाला. विभागात मला 'माठ' म्हणतात. काहीजण थंडपणावरून म्हणतात, बाकीचे अकलेवरून. माझा मेहुणा, म्हणजे हजेरी क्र. ४१, तीन नंबर प्रेसवर बटणे दाबतो. त्यास 'भिंगरी' म्हणतात, कारण तो एका जागी टिकत नाही. जेवायला बसला तरी त्याचे ठोके शंभराच्या पुढे असतात. जानेवारीतच त्याचे दोन थांबे झाले. तिसरा झाला असता तर अकरा वर्षे शिकलेले काम हातचे जाऊन खोकी चिकटवायला बसावे लागले असते. माझ्या पत्नीने, म्हणजे त्याच्या बहिणीने, मला एका सकाळी सांगितले, "तुमचं मनगट नुसतं रिकामं पडलंय. त्याचा पट्टा तुम्ही बांधा, घरातल्या घरात आहे." मी बांधला. त्या दिवसापासून तीन नंबर प्रेस माझ्या मनगटावर चालत आली आहे.

५. हे गुपित राहिले असते तर आमचा विभाग माणसांचा नव्हे असे म्हणावे लागले असते. महिनाभरात गर्दीच्या दिवशी माझ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत पाच पट्टे असत. मी उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून बसे. फोरमनला ठाऊक होते. त्याने हरकत घेतली नाही, उलट वर्षअखेरच्या मालमोजणीतून मला वगळले. माझा फायदा इतकाच, तो मी लपवीत नाही. रंगाऱ्यास मात्र माझ्याकडे जागा मिळाली नाही, कारण तो उशिरा आला. मार्चमध्ये त्याच्या थांब्यामुळे एक नंबरची प्रेस थांबली, दिवसाचे ठोके कमी भरले आणि त्यापायी सहा माणसांची सुट्टी गेली. त्याच संध्याकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत त्या सहा जणांनी ओल्या टॉवेलांत नट बांधून त्यास मारले. तोंडावर नाही, तोंड दिसते म्हणून. पाठीवर, मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर. एकाने त्याच्या तोंडात त्याचाच मोजा कोंबला होता. सहाही जणांचे पट्टे हातात होते. स्क्रीनवर सहाही ओळी एकशेचाळीसच्या पुढे गेल्या, पण पाळी संपलेली असल्याने थांबा धरला गेला नाही. फोरमनने शेऱ्याच्या रकान्यात 'व्यायाम' असे लिहिले. रंगारी पुढे आला नाही. त्याची नोंद 'वैयक्तिक कारण' अशी आहे. हे आपल्या अहवालात नाही, आणि विषयाशी संबंधित नाही असे आपण म्हणाल. मी ते यासाठी लिहिले, की ३० एप्रिलला आमच्या विभागात मारहाण नव्याने सुरू झाली असा आपला समज होऊ नये.

६. ३० एप्रिल. त्या दिवशी फळ्यावर दोन हजार ठोके भरायचे होते आणि दुपारी तीनपर्यंत सतराशेच झाले होते. तीन नंबर प्रेसवर दोन माणसे काम करतात. उस्ताद पत्रा आत सरकवतो आणि तयार भाग बाहेर काढतो. भिंगरी दोन्ही हातांनी दोन बटणे दाबतो. उस्तादाने विभागातल्या निम्म्या माणसांना काम शिकवले आहे, भिंगरीस तर बोट धरून. प्रेसच्या तोंडाला एक जाळी असते. ती बंद झाल्याशिवाय ठोका पडत नाही. फोरमनने तीन वाजता ती जाळी काढायला लावली, कारण तिच्या उघडण्या-मिटण्यात दर ठोक्यामागे तीन सेकंद जातात. भिंगरी म्हणाला, "साहेब, हात आत असतात त्यांचे." फोरमन म्हणाला, "मी मागे उभा राहतो. मी म्हणेन तेव्हाच दाब." आमच्याकडे घाईच्या कामाला अशीच पद्धत आहे. एकजण मागे उभा राहून आवाज देतो, "ठोका," आणि बटणवाला दाबतो. बटणवाल्याने प्रेसकडे बघायचे नसते, नुसते ऐकायचे असते. बघायला लागला की हात चुकतो. भिंगरी अकरा वर्षे असाच ऐकत आला आहे.

७. मी खिडकीतून बघत होतो. तीन नंबर प्रेस माझ्या खिडकीपासून अकरा पावलांवर आहे. फोरमन आवाज देत होता, ठोका पडत होता, भाग ट्रेमध्ये पडत होता. तीन वाजून अडतीस मिनिटांनी पत्रा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, अडकला. उस्तादाने उजवा हात घालून तो सोडवायला घेतला. फोरमनचे डोळे त्या वेळी भिंतीवरल्या घड्याळाकडे होते. तो म्हणाला, "ठोका." भिंगरीने दाबले. आवाज नेहमीपेक्षा किंचित मऊ आला. उस्ताद ओरडला नाही. त्याने हात बाहेर काढला, बघितला, आणि उरलेल्या दोन बोटांनी पत्र्याचा भाग ट्रेमध्ये टाकला. इतकी सवय. त्याची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका डायमध्ये पत्र्याला चिकटून राहिली होती. रक्त आधी आलेच नाही, मग एकदम आले, भिंगरीच्या छातीवर आणि तोंडावर. तो ठोका मोजणीयंत्राने धरला. त्या दिवसाचा अठराशेबारावा.

८. येथे मी फोरमनविषयी जे लिहितो ते रागाने नव्हे. अपघाताची वही हाताने भरायची असते, ती संध्याकाळीही भरता येते. संगणक मात्र कोणाची वाट बघत नाही. उस्तादाची ओळ स्क्रीनवर एकशेअठ्ठेचाळीस झाली होती. मिनिटभर तशीच राहिली असती तर पाचवा थांबा लागला असता. रक्त कोणीतरी बांधेलच, असे फोरमनला वाटले असावे. त्याने उस्तादाचा तोच हात कोपरापाशी धरला, मनगटावरचा पट्टा ओरबाडून काढला आणि अकरा पावले धावत माझ्या खिडकीशी आला. पट्टा काढताना उस्तादाच्या हाताची एक लोंबती कातडीही सोबत आली होती. माझ्या खिडकीलाही जाळी आहे; तिच्या फटीतून पट्टा आत सारत तो म्हणाला, "घाल. लवकर घाल, माठ, अर्धं मिनिट आहे." मी घातला. कोणी पट्टा दिला की घालायचा, हे माझे काम झाले होते. तो गरम होता आणि मनगटावर सरकत होता. स्क्रीनवर उस्तादाची ओळ एकशेअठ्ठेचाळीसवरून बावन्नवर आली आणि हिरवी झाली. भिंगरीची हिरवी होती. माझी हिरवी होती. त्या घटकेस संगणकाच्या मते तीन नंबर प्रेसवर सर्व आलबेल होते.

९. भिंगरी फोरमनच्या मागून आला. त्याच्या हातात डाय बदलण्याचा पान्हा होता, वजन दोन किलो चारशे ग्रॅम, स्टोअरच्या वहीत क्र. ८८. पहिला ठोका फोरमनच्या उजव्या खांद्यावर पडला आणि गळ्याजवळचे हाड मोडले, ते मोडल्याचे मला ऐकू आले. आता, महोदय, जे मी साक्षीत सांगितले नाही ते लिहितो. मला मोजायची सवय आहे. स्टोअरमधून काही बाहेर जाते तेव्हा मी मोठ्याने मोजतो : एक पान्हा, दोन पान्हे. न मोजता मला काही बघताच येत नाही. पहिला ठोका पडल्यावर मी म्हणालो, "एक ठोका." त्यावर भिंगरीने दुसरा मारला. तो जबड्यावर. दोन दात जाळीतून आत येऊन माझ्या वहीवर पडले. मी म्हणालो, "दोन ठोके." फोरमन खिडकीच्या फळीला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. तिसरा त्याच्या फळीवरल्या हातावर, ज्या हाताने पट्टा ओरबाडला त्याच हातावर. मनगट लाकडात दबले. मी म्हणालो, "तीन ठोके." तेव्हा भिंगरीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितले. चौथा ठोका फोरमनला लागला नाही. तो माझ्या खिडकीच्या जाळीवर, माझ्या तोंडासमोर पडला. जाळीला वीतभर खड्डा आहे, आपण येऊन मोजावा. त्यानंतर मी मोजणे थांबवले आणि भिंगरीही थांबला. पान्हा त्याने फळीवर ठेवला आणि म्हणाला, "जमा करून घ्या." मी वहीत जमा करून घेतला. वेळ तीन एकेचाळीस.

१०. आता आपल्या अहवालाकडे वळतो. मुद्दा क्र. ७ मध्ये लिहिले आहे : 'ह. क्र. ४१ याने फोरमनला पान्ह्याने मारहाण केली. ठोके – ५२, प्रति मिनिट.' अहवाल लिहिणाऱ्याने संगणकाचा कागद समोर ठेवून हा आकडा उचलला आणि तो मारण्याचा वेग समजला. मिनिटाला बावन्न ठोके कोणताही माणूस दोन किलो चारशे ग्रॅमच्या पान्ह्याने मारू शकत नाही; तीन नंबरची प्रेसदेखील मारत नाही. मुद्दा क्र. ९ मध्ये तोच आकडा पुन्हा आला आहे : 'घटनेच्या वेळी आरोपीच्या छातीचे ठोके ५२ असल्याने तो पूर्णतः शांत होता, सबब कृत्य भावनेच्या भरात नसून थंड डोक्याने केलेले आहे.' म्हणजे एकच आकडा एकदा वार म्हणून खर्ची घातला आणि एकदा थंडपणा म्हणून. साध्या स्टोअरच्या वहीतही मला हे करता येत नाही. आणि मुद्दा क्र. ११ : 'अज्ञात इसमाने "ठोका, ठोका" असे म्हणून आरोपीस चिथावणी दिल्याचे दोन साक्षीदार सांगतात, शोध चालू आहे.' आपला शोध थांबवावा. तो अज्ञात इसम स्टोअरमध्ये रोज सकाळी आठला हजर असतो.

११. थंड डोके म्हणजे किती वर्षे, हे भिंगरीच्या वकिलाने मला बोटांवर मोजून दाखवले. रागाच्या भरात झाले असते तर एका हाताची बोटे पुरली असती. थंड डोक्याने म्हणजे दोन्ही हातांची आणि पुढे. म्हणून मी तुरुंगात भिंगरीस भेटायला गेलो. बोलताना तो बाकावर ताठ बसून होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरत होता. मी विचारले, "तू मला का मारलंस, जाळीवर?" तो म्हणाला, "दाजी, पहिला मी मारला. माझाच होता, त्याबद्दल काय करायचं ते करू देत. पुढचे तुम्ही म्हणालात तसे पडले. कानावर शब्द आला की हात जातो, तुम्हाला माहीत आहे. चौथा आवाज बंद करायला होता." तो पुढे म्हणाला, "आणि उस्तादांचं सांगतो. जाळी काढली तेव्हापासून माझी छाती नुसती धडधडत होती. अर्धा तास. मला वाटत होतं, आता थांबेल प्रेस, आता थांबेल. थांबलीच नाही. मग आठवलं, पट्टा तुमच्याकडे आहे."

१२. हे वाक्य मी घरी जाऊन पत्नीस सांगितले. तिने हातातली भाजी ठेवली, भिंतीवरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि माझे मनगट धरले. आपले बोट नाडीवर ठेवून ती म्हणाली, "आता परत सांगा. सगळं. मोजलंत ते पण." मी परत सांगितले : जाळी, बोटे, पट्टा, एक, दोन, तीन. ती घड्याळाकडे बघत होती. संपल्यावर हात सोडून म्हणाली, "बावन्न." तिने घड्याळ परत भिंतीवर लावले. मग म्हणाली, "तोंडाने मोजायला आलं तुम्हाला. त्याच तोंडाने 'नको' म्हणायला काय जड होतं? एक अक्षरही जास्त नव्हतं." माझ्या वतीने मी इतकेच सांगू शकतो, की मी त्या दिवशी घाबरलो होतो. पट्टे तिन्ही हजर होते, पण ते कोणत्याच पट्ट्याने दाखवले नाही. आपल्या चौकशीस हा पुरावा चालत नाही, हे मला समजते. तिलाही चालला नाही.

१३. सदर प्रकारात संगणकाने कोठेही खोटे सांगितलेले नाही, हे मी नमूद करू इच्छितो. त्याने माझे मनगट खरेखुरे मोजले. चूक नावाची झाली. १ मे रोजी प्रेस विभागास 'एप्रिलमधील सर्वांत शांत विभाग' असे प्रशस्तिपत्र आले. ते संगणकाने आपोआप छापले होते. आरोग्य-थांबे : चार. फोरमनच्या पट्ट्याला कोणतीच प्रेस जोडलेली नसल्याने त्याचा थांबा धरला गेला नव्हता. ते स्टोअरच्या खिडकीशेजारी लावले आहे, कारण भिंतीवर जागा तेवढीच होती.

१४. सबब विनंती अशी, की (अ) मुद्दा क्र. ७ मधील 'ठोके – ५२' खोडून 'ठोके – ३ फोरमनला, १ जाळीला' असे लिहावे. (आ) मुद्दा क्र. ९ मधील बावन्न ठोके ह. क्र. ४१ च्या नावावरून काढून ह. क्र. ११७ च्या नावे घालावेत, आणि त्यासोबत जो काही थंडपणा आहे तोही माझ्याच नावे घालावा, कारण एका माणसाची छाती आणि दुसऱ्याचे डोके यांची बेरीज करून तिसरी शिक्षा करता येत नाही. (इ) मुद्दा क्र. ११ मधील 'अज्ञात इसम' या जागी माझा हजेरी क्रमांक लिहावा. ह. क्र. ४१ याचे त्या वेळचे खरे ठोके किती होते, हे कोणासही कधी कळणार नाही, कारण ते मोजायचे यंत्र माझ्या हातावर होते. परंतु ते बावन्न नव्हते, एवढे मी प्रतिज्ञेवर सांगतो. आपण बोलवाल तेव्हा मनगटासह हजर राहीन. पट्टे आपण बांधावेत, प्रश्न आपण विचारावेत, आकडा समोर येईल.

१५. या अर्जाने माझी नोकरी जाईल, हे मी जाणतो. पट्टा दुसऱ्याचा बांधणे हे नियम क्र. ४ प्रमाणे बडतर्फीचे कारण आहे. माझ्या जागी कोणास बसवाल त्याचे ठोके आधी तपासावेत आणि ते जरा चढे असतील असा माणूस निवडावा, ही सूचना मी स्टोअरच्या हिताची म्हणून करतो.

कळावे.

आपला,
तीन मनगटांचा एकच धनी,
स्टोअरकीपर, प्रेस विभाग, हजेरी क्र. ११७
(सही)

दिनांक : १७ जून

सोबत : पट्टे दोन (ह. क्र. ४१ चा, आणि उस्तादाचा, न धुतलेला), स्टोअर वहीचे पान, पान्हा क्र. ८८ जमा केल्याच्या नोंदीसह. दात दोन, लिफाफ्यात. आणि सदर प्रकारात कोणाकडून काय गेले याचा तक्ता, जो मी स्वतः काढला आहे, पुढीलप्रमाणे :

उस्ताद – उजव्या हाताची तीन बोटे. काम.

रंगारी – पाठ. पत्ता माहीत नाही.

फोरमन – गळ्याजवळचे हाड एक, जबडा, दात दोन, मनगट एक. बोलतो, पण शब्द कळत नाहीत.

ह. क्र. ४१ – आजपर्यंत अठ्ठेचाळीस दिवस. पुढचे आपल्या हाती.

त्याची बहीण – भाऊ. नवऱ्याविषयी ती काही बोलत नसल्याने तो रकाना रिकामा ठेवला आहे.

अर्जदार, ह. क्र. ११७ – निरंक.